लाल फडकं

“हॅलो?… हॅलो, बोला… जरा मोठ्याने, हात ग्रीसने भरलेत, फोन खांद्यात दाबून धरलाय… कोण?… अगं, तू होय! मला वाटलं, कोण एवढं किंचाळतंय. काय झालं?… पोचलीस? कुठे पोचलीस?… खिंडीत? माथ्यावर?… भिंगरे, सकाळी सकाळी थापा मारू नकोस. आत्ता कुठे साडेदहा होताहेत.”

थोरलीने वाकडी मान आणखी वाकडी करून भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. काचेवर कुणाचा तरी तेलकट अंगठा उमटला होता, आणि त्या अंगठ्याखाली खरोखरच साडेदहा वाजले होते. आजवर पहाटे पाचला निघूनही माल भरलेली गाडी बाराच्या आत कधी माथ्यावर पोचली नव्हती.

धाकटीला घरात भिंगरी म्हणत, कारण पाय फुटल्यापासून ती एका जागी ठरलीच नव्हती. पुढे ती बापाचा ट्रक चालवू लागली. बापाचं गॅरेज थोरलीकडे आलं. एकीच्या वाट्याला चाकं, एकीच्या वाट्याला पाने, आणि भांडणं दोघींत समसमान. गिऱ्हाइकं थोरलीला ‘उस्ताद’ म्हणत. बाईमाणसाला उस्ताद म्हणावं की नाही, यावर एकदा वाद झाला होता. तेव्हा तिने वाद घालणाऱ्याचाच गिअरबॉक्स उघडून त्याच्या पुढ्यात मांडला. वाद तिथेच मिटला.

“हां, आता नीट सांग. पहिल्यापासून… तिसऱ्यात? अख्खा चढ तिसऱ्या गिअरात?… आणि ते उंटाच्या मानेसारखं वळण, जिथे आपली गाडी दर वेळी गुडघे टेकते, तिथे?… तिथेसुद्धा?… अगं बाई!… धूर?… आरशात दिसलाच नाही? आणि पाणी तापल्याचा काटा?… अर्ध्याच्या खाली! वा! वा गं माझी वाघीण… तुला नाही म्हटलं, गाडीला म्हटलं.”

तिने पाना खाली ठेवला, हात चिंधीला पुसले आणि पालथ्या डब्यावर बसकण मारली. अशी बातमी उभ्याने ऐकू नये. परवापासून दोन दिवस ती त्या ट्रकखाली आडवी होती. जुना सायलेन्सर उतरवला होता, आणि बाहेरच्या एका कारखान्याचा, इंचभर जास्त रुंद, टर्बोच्या तोंडापासून शेपटापर्यंत एकसंध असा नवा पाइप चढवला होता. कंपनीचा माल सोडून बाहेरचा लावतेस, गाडी बसेल, असं चार जणांनी सुनावलं होतं. गाडी बसली नव्हती. गाडी माथ्यावर उभी होती.

“हो, हो… अगं ऐक ना… अगं ऐक तर! डोक्यात हवा जाऊ देऊ नकोस. आवाज वाढला म्हणून ताकद वाढली असं नसतं. रिकामं पिंपही मोठ्याने वाजतं… त्या कोपऱ्यावरच्या भोंगेवाल्याने चार गाड्यांना असलेच पाइप लावले. सगळी गल्ली उठून बसली, ओढ मात्र एकीचीही वाढली नाही… कारण त्यांचे जुने पाइप धड होते. आपला आतून काजळीने बुजला होता. इंजिन श्वास आत घ्यायचं, पण सोडायचा कुठे? नाक दाबून जिना चढून बघ एकदा… हां! तसं. नव्या पाइपाने जोर दिलेला नाही, अडवलेला जोर सोडलाय, एवढंच… बरं बाई, एवढंच नाही, थोडा दिलाही असेल. धूर झटकन बाहेर, म्हणून टर्बो झटकन जागा, म्हणून हवा भरपूर, म्हणून डिझेल पुरतं जळतं. एकमेकांचे हात धरून चालतात ती… नाही, भाषण नाही देत. तूच विचारलंस.”

धाकटीने विचारलं नव्हतं. पण थोरलीला सांगायचं होतं.

“ऐकव की मग. गाडी चालूच आहे ना?… मग दारातूनच फोन खाली धर, पाइपाचं तोंड तुझ्या पायाखालीच आहे… धरलास? जरा पाय दे. हलका.”

फोनमधून आवाज आला. खोल, मोकळा, छातीच्या तळातून निघालेला. खूप दिवसांचा खोकला गेल्यावर माणूस पहिल्यांदा खुलून बोलतो, तसा. थोरलीने डोळे मिटले. मग उठली आणि दुकानाच्या मागच्या अंगाला गेली. तिथे बाबा खराट्याने लोखंडाचा कीस गोळा करत होते. बाबांचे कान कधीचेच इंजिनांनी खाल्ले होते. आता ते हातांनी ऐकत. उजव्या हाताला दोन बोटं कमी होती, तरी जे ऐकायचं ते त्या हातानेच. तिने फोन त्यांच्या तळव्यावर ठेवला. फोन थरथरत होता. बाबांनी मान डोलावली, एकदा, दोनदा, जुनी ओळख पटल्यासारखी. मग फोन परत देऊन पुन्हा खराटा हाती घेतला.

“बाबांना ऐकवलं… हो, आवडलं. मान हलवली. दोनदा… माझ्या लग्नात एकदाच हलवली होती, तेव्हा तू समज काय ते.”

ती हसत हसत पुन्हा डब्यावर येऊन बसली.

“माल कसाय?… तुळया हलल्या तर नाहीत ना? लोखंडाला लाज नसते, एकदा घसरलं की घसरलं… साखळ्या पुन्हा आवळल्यास? शहाणी… आणि मागे किती बाहेर आल्यात?… हातभर. मग टोकाला लाल काही बांधलंस की नाही, मागच्याला दिसायला?… दुकानातलंच नेलंस? बरं केलंस… मागे हसतंय कोण गं?… कोण, चहाच्या दुकानातले?… काय म्हणताहेत?… ‘चढून आली, आता उतरवायला कुणाला बोलावणार?’ असं म्हणाला? तो लांब मिशांचा ना? त्याला सांग, गेल्या पावसाळ्यात तुझी गाडी नाल्यातून ओढली ती माझ्या बहिणीनेच. मिशा कोरड्या राहिल्या ते आमच्या कृपेने.”

नदीवर पायी जाण्याचा पूल व्हायचा होता आणि त्याच्या लोखंडी तुळया भिंगरीच्या गाडीत होत्या. नऊ टन. ठेकेदार पहिल्यांदाच तिला माल देत होता. बाईच्या हाती घाट द्यावा की नाही, म्हणून महिनाभर घोळ घातल्यावर काल संध्याकाळी एकदाचं त्याने ‘हो’ म्हटलं होतं, आणि रात्री उशिरा फोन करून कळवलं होतं, की पहाटेच निघा, क्रेन दोन वाजेपर्यंतच आहे. आजचा माल वेळेवर उतरला तर पुलाच्या सगळ्या फेऱ्या तिच्या. नाही उतरला, तर माल न्यायला लांब मिशा होत्याच.

“मग आता वेळच वेळ आहे तुझ्याकडे. चहा घे आणि नीघ. उताराला घाई करू नकोस. नेहमीसारखी दुसऱ्यात टाक, एक्झॉस्ट ब्रेकचं बटण दाब, आणि…”

खट्.

मागच्या अंगाला लोखंडावर लोखंड आपटल्याचा एक लहानसा आवाज झाला. खट्. पुन्हा, खट्. बाबा भंगाराच्या ढिगातून काहीतरी उचलून आणत होते. वीतभर लांबीचा, काजळीने काळा झालेला पाइपाचा तुकडा. दोन्ही तोंडांना कडी, बाजूला मुठीएवढा हवेचा सिलिंडर. चालताना तुकडा हले, आणि आतली गोल झडप उघडमीट करी. खट्. बाबांना ते ऐकू येत नव्हतं. त्यांनी तुकडा मुलीसमोर धरला आणि भुवया उंचावून विचारलं, हे कुठल्या गाडीचं?

थोरलीने झडपेकडे पाहिलं. मग कामाच्या बाकाकडे पाहिलं. बाक रिकामा होता.

“…नाही, काही नाही. बोलतेय… आहे गं, आहे मी. एक मिनिट… बाबा! बाबा, हे तुम्हाला कुठे मिळालं? बाकावर? सकाळी?… फडक्यावर होतं का? फडकं! लाल!”

तिने हवेत चौकोन काढून दाखवला. बाबांनी मान हलवली. नाही. फडकं नव्हतं. नुसतंच पडलं होतं.

त्या दुकानाचा एक नियम होता. कुठला भाग लाल फडक्यावर ठेवला असेल, तर त्याचं काम बाकी आहे. त्याला कुणी हात लावायचा नाही. आणि गाडीच्या स्टेअरिंगला लाल फडकं बांधलं असेल, तर खाली माणूस आहे. चावीला कुणी हात लावायचा नाही. बाबांची दोन बोटं गेली त्या दिवशी स्टेअरिंगला काही बांधलेलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी आईने घरातली एकुलती एक लाल चादर टराटरा फाडली, तिची फडकी केली, आणि त्या दिवसापासून तो नियम झाला. घरात देवाची शपथ मोडली गेली असेल, पण लाल फडक्याचा शब्द कधी मोडला नव्हता.

“भिंगरे… ते लाल फडकं तू दुकानातून कुठून घेतलंस?… मला सांग आधी, कुठून?… बाकावरून. आणि त्याच्यावर काय होतं?… जुन्या पाइपाचा तुकडा. मग तू तो काय केलास?… बाजूला ठेवलास. बाकावरच… नाही, रागावले नाही. नाही गं, रागावले नाही. थांब. तू निघू नकोस. चहा पी. बैस. नाही, बसू नकोस, आधी मी सांगते ते कर.”

तिचा आवाज खाली आला होता. तिला ओळखणाऱ्यांना ठाऊक होतं, की उस्ताद ओरडते तोवर सगळं ठीक असतं.

“इंजिन चालूच ठेव. हँडब्रेक लाव… लावलेला आहे, बरं. आता फोन पुन्हा पाइपापाशी धर, आणि दुसऱ्या हाताने एक्झॉस्ट ब्रेकचं बटण दाब. दाबून धर… दिवा लागला? लागू दे. दिव्याशी मला काही करायचं नाही, मला आवाज ऐकायचाय.”

तिने फोन कानात रुतेल इतका दाबून धरला. बटण दाबलं की एक्झॉस्ट ब्रेकची झडप मिटते, आणि मोकळा आवाज घुसमटतो. कुणीतरी तोंडावर उशी दाबल्यासारखा होतो. तेवढी घुसमट तिला हवी होती. आयुष्यात कुठल्या आवाजाची इतकी वाट तिने पाहिली नव्हती.

आवाज तसाच राहिला. खोल, मोकळा, आनंदी.

“दाबलंयस ना?… सोड. पुन्हा दाब… सोड. पुरे.”

बाबा समोर उभे होते. झडप त्यांच्या हातात होती.

“ऐक. आता मी बोलते, तू मध्ये बोलू नकोस… मध्ये बोलू नकोस म्हटलं ना! तुझ्या गाडीला एक्झॉस्ट ब्रेक नाहीये… दिवा लागतोच. दिवा बटणाचा आहे, झडपेचा नाही. झडप इथे आहे. माझ्या समोर, बाबांच्या हातात… जुन्या पाइपात ती टर्बोच्या मागे बसलेली होती. नवा पाइप एकसंध आला, त्यात तिला जागाच नाही. मी ठरवलं होतं, आधी एकदा पाइप चढवून बघू, सगळं बसतंय ना, मग सकाळी कापून मध्ये झडप घालू. हवेची नळी तारेने वर बांधून ठेवली, झडप फडक्यावर ठेवली, आणि घरी गेले. तू आठला निघणार होतीस ना? मी घरी गेल्यावर ठेकेदाराचा फोन आला आणि तू पाचला गेलीस. मी सातला आले तर गाडी नाही, बाक रिकामा, फडकं नाही. फडकं नाही म्हणजे काम झालं, असं मी धरून चालले. वाटलं, पहाटे तू आणि बाबांनी मिळून घातली असेल. त्यांनी शंभर वेळा घातलीय.”

पहाटेच्या घाईत नियम एकीकडूनच मोडला होता, बाकी दोघांनी तो पाळलाच होता. धाकटीला लोंबत्या मालासाठी लाल हवं होतं, ते तिने घेतलं. बापाने फडक्याविना पडलेलं लोखंड पाहिलं आणि भंगारात टाकलं. थोरलीने रिकामा बाक पाहिला आणि समाधानाने चहा घेतला. आणि तिघांच्या मधून झडप निसटली.

“नाही. तुझी चूक नाही… अगं, फडकं उचललंस ही तुझी, आणि न विचारता समजून घेतलं ही माझी. माझी मोठी. उस्ताद मला म्हणतात, तुला नाही. माझ्या हातून गाडी अर्धी सुटली. हे मी म्हणतेय, ऐकलंस ना? पुन्हा म्हणणार नाही, तेव्हा कानात जपून ठेव.”

पलीकडून एकदम बरंच काही आलं.

“नाही… नाही, दुसऱ्यातही नाही… पहिल्यातही नाही!… भिंगरे, मला शिकवतेस? मी त्या इंजिनाची एकूण एक नस ओळखते. पायाचा ब्रेक चाकं धरतो, एक्झॉस्ट ब्रेक इंजिनाचा श्वास धरतो. तो श्वास धरायला आता कुणी नाही. जो पाइप चढावर तुला मागून ढकलत होता ना, तोच उतारावर हात सोडून देणार. इंजिन जितकं मोकळं, तितकं ते गाडीला कमी अडवणार… हो, ब्रेक नवे आहेत, मीच घातलेत. वळणं किती?… मोज… अकरा. नऊ टन पाठीवर. चौथ्या वळणाला ब्रेकचे ड्रम तापतील. सहाव्याला तुला वास येईल आणि वाटेल, पुढच्या गाडीचा असेल. आठव्याला तू पाय दाबशील आणि गाडी ऐकणार नाही. मग तुळया काय करतील, ते तू मला सांग. त्या केबिनच्या मागे आहेत की पुढे?… मागे. बरोबर.”

बाबा हळूच खाली बसले. त्यांना शब्द कळत नव्हते, पण मुलीच्या गळ्याची शीर दिसत होती. हातातल्या झडपेवरची काजळी ते आपल्या बाहीने पुसू लागले.

“क्रेन दोनला जाईल? जाऊ दे… हो, जाऊ दे! ठेकेदाराला मी फोन करते. मी सांगते, गाडी उस्तादने अर्धी सोडली, ड्रायव्हरने वेळेच्या आधी माथ्यावर आणली. तो पुन्हा माल देणार नाही? नाही देणार तर नाही देणार… हो, मला कळतं, महिनाभर तू त्याच्या दारात उभी होतीस. मला कळतं गं. कोण हसतंय, काय म्हणतंय, सगळं कळतं. मिशीवाल्याला काय सांगायचं?… सांग, चहा चांगला आहे म्हणून थांबलेय… नाही, थट्टा नाही करत… मग त्याला खरं सांग. सांग, माझी बहीण विसरली. हसू दे मला. माझं नाव घेऊन हसू दे, मोठ्याने. माझ्या नावाला गंज चढत नाही.”

पलीकडून आलेलं उत्तर तिने डोळे मिटून ऐकलं. धाकटी रडत नव्हती. रागावली होती, आणि ते जास्त वाईट होतं. लहानपणीही ती पडली की रडत नसे. उठून पुन्हा त्याच भिंतीवर चढे.

“बाबा झडपेशिवाय उतरले असतील त्या वेळी. तेव्हा तीन टन असायचे, आणि असले घाट नव्हते… आणि बाबा उतरायचे तेव्हा आई काय म्हणायची, आठवतं? आठवतं की नाही?… चढ चढायाला गं, बळ लागतं बैलाला… पुढचं म्हण… म्हण ना.”

पुढची ओळ दोघींनाही पाठ होती. त्या ओळीवर त्यांचा घास भरवला गेला होता, त्या ओळीवर त्यांच्या वेण्या घातल्या गेल्या होत्या. *उतार उतरायाला गं, अक्कल गाडीवाल्याला.* आई भांडी घासता घासता म्हणायची, आणि प्रत्येक वेळी दुसऱ्या ओळीला तिची नजर दाराकडे जायची.

मग फोनमध्ये एक आवाज झाला. थोरली ताडकन उठली. पालथा डबा गडगडत गेला.

“गाडी का वाजतेय?… दार लावलंस? दार लावल्याचा आवाज आला मला. भिंगरे!… काय ‘हळूहळू उतरते’? काय हळूहळू?… फोन ठेवू नकोस. ठेवलास तर… हॅलो? हॅलो!… आहेस ना? गिअर टाकलास?… क्लच सोडू नकोस. सोडू नकोस पाय. ऐक. वाद संपला. मी काहीही समजावत नाही आता. ब्रेकचं नाही, ड्रमचं नाही, आईचं नाही. फक्त एक काम सांगते. करशील?… करशील की नाही?”

तिने श्वास घेतला. दुकानात लोखंडाचा वास होता, थंड तेलाचा वास होता, आणि बाकावर चौकोनी, स्वच्छ अशी एक जागा होती, जिथे वर्षानुवर्षं फडकं असायचं आणि ज्यावर धूळ बसलेली नव्हती.

“खाली उतर. मागे जा. तुळयांच्या टोकाचं लाल फडकं सोड… सोड तर. गाडी उभी आहे, मागून कोण धडकणार आहे? सोड आणि पुढे आण… आणि स्टेअरिंगला बांध… हो. स्टेअरिंगला.”

पलीकडे इंजिन चालू होतं.

“मी तिथे नाही म्हणून तू बांध. मी असते तर मीच बांधलं असतं. गाडीखाली माणूस आहे, भिंगरे. मी आहे. दोन दिवस होते, अजून बाहेर आलेले नाही. ते काम बाकी आहे. फडकं बांध.”

मग तिने काही बोलायचं थांबवलं. इतका वेळ बोलण्याने जे झालं नव्हतं, ते आता न बोलण्यावर सोपवलं. पलीकडे दार उघडलं. फोन कुठेतरी ठेवला गेला, सीटवर असावा, कारण इंजिनाची घरघर जवळ आली. पावलं खडीवर वाजत मागे गेली. कुणीतरी लांबून काहीतरी ओरडलं, आणि दोघे-तिघे हसले. पावलं थांबली नाहीत. साखळी किणकिणली. मग पावलं परत आली, पहिल्यापेक्षा सावकाश.

बाबा उठले होते. झडप पुसून चकचकीत झाली होती, कडेला जुनं पितळ दिसायला लागलं होतं. त्यांनी मुलीच्या चेहऱ्याकडे एकदा पाहिलं आणि खुंटीवरून छोट्या गाडीची चावी काढली.

“हॅलो… बांधतेयस?… किती गाठी?… दोन. दोनच मारायच्या असतात, बरोबर… घट्ट?… हं.”

“आता इंजिन बंद कर.”

आणि तो आवाज थांबला. अर्ध्या तासापूर्वी जो ऐकून तिने डोळे मिटले होते, जो तिने बापाच्या तळहातावर ठेवला होता, तो एका श्वासात विझला. मागे खिंडीतला वारा उरला. वाऱ्यात कसलीशी फडफड होती, केबिनच्या उघड्या दारातून आत शिरून एखादं कापड हलवणारी. कुणी हसत नव्हतं. लांब मिशांच्या घरीही कुठला तरी नियम असेल.

“शाबास… नाही, काही बोलू नकोस. ऐकू दे जरा… हं. छान बंद आहे.”

“ऐक आता. मी निघतेय. झडप, कटर, चार क्लँप, नवी पट्टी, सगळं घेऊन. दोन तास धर, अडीच धर. टर्बोच्या मागे पाइप कापायचा, मध्ये झडप बसवायची, हवेची नळी जोडायची. तासाभराचं काम. मग बटण दाबायचं आणि पहिल्यांदा आवाज घुसमटलेला ऐकायचा. घुसमटला तरच उतरायचं, आणि तुझ्या मागे मी येते खालपर्यंत… ठेकेदाराला वाटेत फोन करते. क्रेनवाल्यालाही करते, थांबतो का बघते. आणि नाही थांबला तर उद्या पुन्हा येईल. क्रेन रोज येते… बाबा? बाबा येताहेत. गाडीत बसलेसुद्धा. झडप मांडीवर घेतलीय, तान्ह्या पोरासारखी… हो, सांगते. नाही, तू सांग, फोन त्यांच्या हातावर ठेवते… काही बोलायचं नाही? बरं. मग नुसती…”

तेवढ्यात फोन गेला. माथ्यावर तो नेहमीच असा जात असे, वारा वळला की.

थोरलीने फोनकडे पाहिलं. पुन्हा लावावा, असं तिच्या मनातही आलं नाही. फोन ग्रीसच्या हाताने खिशात टाकून तिने शटर ओढलं. स्टेअरिंगला लाल फडकं बांधलेल्या गाडीची चौकशी त्यांच्या घरात कधी कुणी करत नसे.